पाणी निवेपर्यंत

रंगाऱ्याच्या पायाला त्या रविवारी भिंगरी लागली होती. ओट्यावर पातेलंभर पाणी निवत होतं आणि त्याला ते फक्त निवू द्यायचं होतं. विज्ञानाच्या ऑनलाइन कोर्समधला हा पहिलाच प्रयोग. नव्वद अंशांचं पाणी ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं, चाळीस मिनिटं. पाचच्या आत तक्ता गेला नाही, तर कोर्समधून नाव कमी.

याआधी दोनदा नाव कमी झालं होतं, तेही त्याच्याच हट्टापायी. कापड रंगवण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेला हा माणूस, अर्धवट रंगलेला तागा कधी दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. एखादं उत्तर अडलं की गडी अख्खा पेपरच पाठवायचा नाही. अर्धवट देण्यापेक्षा न दिलेलं बरं! पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती, तिला हा कोर्स लागत होता, आणि ती काही त्याची वाट बघत बसणार नव्हती.

चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पंचविसाव्या मिनिटाला, पारा साठाच्या खाली उतरला आणि रंगाऱ्यानं गॅस पेटवला.

साठाखाली रंग धरत नाही. बावीस वर्षं काटा तिथं आला की त्याचा हात आपोआप आचेकडे जायचा, तसाच आत्ताही गेला.

"अहो, ते निवायचं होतं ना?" भाजी निवडता निवडता बायको म्हणाली.

त्यानं गॅस बंद केला, पण पारा चढला होता. "झालं! मुसळ केरात!"

"जित्याची खोड," तिनं हसू दाबलं. "उरलेलं अंदाजानं लिहा की. तुम्हाला तर बोट बुडवून कळतं."

कळत होतंच. छप्पन्न, त्रेपन्न, पन्नास, आकडे जिभेवर होते. पण अंदाजच लिहायचे तर तो कारखान्यात लिहीतच होता, त्यासाठी या वयात कोर्स कशाला? त्याला स्वतःचीच चीड आली. त्यानं पाणी ओतून दिलं आणि ताजं तापत ठेवलं.

नव्वद झाले तेव्हा चार बावीस. पुढे चाळीस मिनिटं.

"पाच वाजून दोन होतील," बायकोनं हिशेब केला.

"कळतंय मला!"

तो उठला, बसला, खिडकीशी गेला, परत आला. साठ जवळ येताच त्याचा हात वळवळला. बायकोनं लायटर उचलून कमरेला खोचला. एकोणसाठ. छप्पन्न. चार सत्तावन्नला त्रेपन्न.

तक्त्यात शेवटचं एक घर रिकामं राहिलं. पन्नास लिहायला क्षण लागला नसता. काहीच न पाठवता कॉम्प्युटर बंद करायलाही नाही. घराखाली त्यानं लिहिलं, "वेळ संपला, मोजता आलं नाही," आणि डोळे मिटून तक्ता पाठवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून अर्धवट माल बाहेर गेला होता.

"पोचला," बायको पडद्याकडे बघून म्हणाली. "सुटलात. आता पातेलं द्या, मला भाजी टाकायची आहे."

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "अजून चार मिनिटं आहेत."