दुसऱ्या हाताचे द्रोण

शुक्रवारी आमच्याकडे चूल उशिरा पेटायची. यांना शाळेत शिकवायला जाण्याआधी मुखरूच्या कढईतले लाखोरीच्या डाळीचे वडे लागत, आणि मुखरू वडे काढायचा फक्त बाजारच्या दिवशी. मी लेकीला कडेवर घेऊन उजाडता उजाडता निघायची. बाजार नदीकाठच्या आंबराईत भरे. थंडीच्या दिवसांत वैनगंगेवरचं धुकं झाडांत शिरलेलं असायचं, कढई दिसायच्या आधी तिचा वास यायचा.

सोनीबाई मला तिथेच भेटायची. ती आणि तिचा नवरा देवाजी समोरच वांगी-मिरच्यांचा ढीग लावून बसत. ढीग लागला की ती मुखरूकडे येऊन एक द्रोण वडे घ्यायची. खायची मात्र एखादाच, उरलेले माझ्या लेकीपुढे धरायची. लेकीला दात नव्हते. ती वडा चोखून परत द्यायची.

वडे नको असतात तर घेता कशाला, असं मी एकदा विचारलं. तिने समोर देवाजींकडे पाहिलं आणि रिकामा द्रोण उलटा करून माझ्या हातात दिला. पळसाची पानं बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेली होती. प्रत्येक काडीचं टोक आत मुडपलेलं, खाणाऱ्याच्या ओठाला लागू नये म्हणून.

"भागीरथेचा हात हाय," ती म्हणाली.

भागीरथा तिची एकुलती एक लेक. वर्ष होऊन गेलं, नदीपलीकडच्या जंगलातल्या गावच्या इसरूचा हात धरून निघून गेली. इसरू गोंडाचा. देवाजींनी चारचौघांत सांगून टाकलं, की ती आम्हाला मेली, त्या घरात आपल्यातलं कोणी पाय ठेवायचा नाही. सोनीबाईने नवऱ्याचा शब्द मोडला नाही. पण इसरू दर बाजारी पहाटेच्या नावेने येऊन द्रोणांचा गठ्ठा मुखरूकडे टाकून जायचा, हे तिला कळलं होतं. तेव्हापासून ती वडे घेत होती. टाके घट्ट असले की लेक बरी आहे.

नवे पैसे निघाले त्या वर्षीच्या पौषातली गोष्ट. मी पोचले तेव्हा सोनीबाई हातात द्रोण घेऊन उभी होती आणि वडे गार झाले होते.

"हे तिच्या हातचं नाई," ती मला म्हणाली.

काड्या जाड होत्या, टोकं बाहेर आलेली. तिने मुखरूला विचारलं, गठ्ठा कोणी आणला. इसरूनेच, मुखरू म्हणाला. काही बोलला का? तो कधी बोलतो, टाकला आणि पळत नावेवर गेला. मुखरूला घाण्याची घाई होती. पण तिचा चेहरा पाहून त्याने सगळा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाला, "फाडू नको ना, बाई. मी गिऱ्हाइकाले वडे का हातावर देऊ?"

ती खाली बसून एकेक द्रोण काढू लागली. वरचे सगळे परक्या हाताचे होते, पानं ताजी हिरवी. तळाशी थोडे निघाले, त्यांची पानं सुकत आलेली आणि टोकं मुडपलेली. म्हणजे भागीरथेने सुरुवात केली होती, आणि मग हात थांबला होता. सोनीबाई ते बोटांनी चाचपत राहिली. एवढे सैल टाके ती कधी घालत नाही, म्हणाली. ताप असेल. की मारलं असेल कोणी. की आणखी काही.

मी पण ते द्रोण पाहत होते. दोन टाक्यांमध्ये बोटभर अंतर सुटलेलं. लेकीच्या वेळी शेवटच्या महिन्यात मला मांडी घालून बसता येत नसे. यांच्या सदऱ्याचं बटण लावताना टाका कुठे पडतोय ते पोटामुळे दिसायचं नाही, हात लांबवून शिवावं लागे. बोलू की नको असं झालं. माझं चुकलं तर तिला उगाच आशा लावल्यासारखं होईल.

"सोनीबाई," मी म्हटलं, "हे आजाऱ्याचे टाके नाहीत. दिवस भरत आले की असंच शिवलं जातं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग कडेवरच्या लेकीकडे. किती दिवस झाले असतील, कोण असेल तिच्याजवळ, असलं काहीच तिने विचारलं नाही. मुखरूकडून गरम वडे मागून घेतले, पदरात बांधले आणि नदीकडे चालू लागली. नवऱ्याच्या समोरून गेली नाही. आंब्यांच्या मागून गेली.

थोड्या वेळाने देवाजी उठून आले. त्यांनी मुखरूला विचारलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मलाच सांगावं लागलं, की सोनीबाई नावेकडे गेल्या आहेत, आणि कशासाठी. पसरलेल्या द्रोणांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मी नाई म्हटलं होतं तिले."

मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पायात काई होतं का तिच्या? वाळू लई गार हाय."

नव्हतं, मी म्हटलं. ते परत जाऊन बसले. मी वडे घेऊन निघाले तेव्हा ते या ढिगातली वांगी त्या ढिगात टाकत होते. त्या दिवशी हे शाळेत उशिरा पोचले आणि दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी देवाजी एकटेच बसलेले दिसले. मुखरूकडे न जाता मी आधी त्यांच्याकडे गेले. विचारायचा धीर होईना, म्हणून वांगी निवडत बसले. त्यांनीच बोलणं काढलं, तेही वांग्यांशी बोलावं तसं. मुलगी झाली. अडली होती, पण सुटली. सोनीबाई पोचली तेव्हा कळा चालू होत्या, तिने शेक-मालिश सगळं हातात घेतलं. आता महिनाभर ती यायची नाही. तिचं लुगडं आणि चपला पोचवायला ते काल गेले होते.

"मग नात पाहिली की नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझी वांगी तोलली, वर दोन जास्तीची टाकली. मागचं गिऱ्हाईक घाई करत होतं, त्याला थांब म्हणाले.

"आत नाई गेलो. बोललो होतो ना चारचौघांत. कुडाबाहीर उभा राह्यलो." पिशवी माझ्याकडे देताना त्यांनी माझ्या लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "रडू राह्यली होती. मोठा आवाज हाय पोरीचा. नावेपर्यंत आयकू आला."