टाकीतली फरशी

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. धंद्यात त्यांना सगळे 'ओळंबा' म्हणत, कारण केसभर वाकडं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आमच्या घरी राहायला आले, तेव्हा चपला काढल्याबरोबर त्यांनी स्वयंपाकघरात एक गोटी सोडली. ती घरंगळत फ्रिजखाली गेली. "सूनबाई, ही फरशी कुणी बसवली?" त्यांनी विचारलं. चोराचं नाव विचारावं तसा आवाज होता.

सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. नवऱ्याने आणि मी महिनाभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे 'बघतो राहून' म्हणाले. जमलं तर इथे, नाहीतर एक तारखेला आपल्या जुन्या खोलीवर परत. खोलीवाल्याला तसं सांगूनच आले होते. नवऱ्याला वाटायचं, मी त्याच्यासाठी सासऱ्यांची मनधरणी करते. तसं काही नाही. मला हा खडूस म्हातारा मनापासून आवडतो आणि तो आमच्याकडे राहायला हवा होता. पण हाताला काम नसलं की ते पाहुण्यासारखे वागायला लागत. चहाचा कप स्वतः विसळून ठेवत आणि 'त्रास दिला' म्हणत.

त्यातच ऑफिसने मला तीन आठवडे प्रशिक्षणाला धाडलं. मला वाटलं, बरी संधी आहे, बाबांच्या हाती आपली माशांची टाकी देऊ. तीन फुटी काचेची टाकी, तळाला बारीक वाळू, वाळूत मुळं रोवलेली हिरवीगार झाडं आणि दिवसभर वाळूत तोंड खुपसून फिरणारे पाच मिशाळ मासे.

"चिमूटभर खायला घाला आणि वाळूकडे लक्ष ठेवा," मी सांगितलं.

चूक माझीच. ओळंब्याला वाळूकडे लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगणं.

पहिल्या आठवड्यात फोनवर तक्रार आली. "तुझे मासे बेशिस्त आहेत. सकाळी सपाट करावं, तर दुपारपर्यंत खड्डेच खड्डे." दुसऱ्या आठवड्यात आवाजात उत्साह होता. "आता जमतंय." मला वाटलं, लळा लागला.

परत आले तर बाबा टाकीशेजारी हात मागे बांधून उभे. मी आत पाहिलं. माळ्यावरची उरलेल्या वाळूची पिशवी त्यांनी अख्खी आत ओतली होती. कोपरापर्यंत हात बुडवून थापीने ती ठोकून ठोकून घट्ट केली होती. वर पाणसळ लावून पातळी तपासलीही होती. शिवाय उजव्या कोपऱ्याकडे छानपैकी उतार काढला होता.

"उतार कशाला?"

"पाण्याला उतार नको?"

"बाबा, पाणी तर सगळीकडेच आहे!"

"असेना. उतार हवाच."

काचेतून पाहिलं तर वाळूत खाली काळा पट्टा धरला होता. झाडं पिवळी पडली होती. मासे टणक जमिनीवर तोंड आपटून थकले होते आणि एका कोपऱ्यात बसून होते. मी काडी खुपसली तर बुडबुडा वर आला आणि खोलीभर सडक्या अंड्याचा वास पसरला.

नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. "काही बोलू नकोस. एक तारीख चार दिवसांवर आलीय. त्यांच्या कामाला नाव ठेवलंस तर ते आजच निघतील." एवढं बोलून हा शूरवीर भाजी आणायला पसार झाला.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलले तर सासरे जाणार, गप्प बसले तर मासे जाणार. पाच मिनिटं रिकामी कढई ढवळत उभी राहिले. मग स्वतःचाच राग आला. माणसाला घरातलं म्हणायचं आणि खोटं बोलून ठेवून घ्यायचं, हे कुठलं घर?

"बाबा, काम चुकलंय," मी बाहेर येऊन सरळ सांगितलं. "वाळू दाबली की आत हवा खेळत नाही. मुळं कुजतात, विषारी वायू साठतो. ती भुसभुशीतच हवी. खड्डेच हवेत."

"चाळीस वर्षांत माझं काम कुणी फोडलेलं नाही," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी बाह्या सारल्या. "फोडायचं तर मीच फोडणार. सरक."

त्यांनी मोठा चमचाच उचलला. मी त्यांचा हात धरला. "एकदम नाही! सगळा वायू एकदम सुटला तर मासे मरतील. आज फक्त वीतभर जागा, तीही या काडीने, हळूहळू. पुढच्या आठवड्यात पुढची वीत. वरची जादा वाळूही तशीच, थोडी थोडी काढायची."

तोवर मी नळीने वरचा गाळ ओढायला घेतला. एरवी अर्धा तास टाकीभर फिरावं लागतं. या वेळी सगळी घाण उजव्या कोपऱ्यात गोळा झाली होती, दोन मिनिटांत काम उरकलं. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

"उतार आहे," ते मान वर न करता म्हणाले.

काडी टोचत टोचत त्यांनी वीतभर वाळू मोकळी केली. थोड्या वेळाने एक मासा आला आणि त्याने तिथे तोंड खुपसलं. बाबा नाराजीने त्या खड्ड्याकडे बघत राहिले, पण तो बुजवला नाही.

"टाकीभर करायला दोन महिने लागतील," ते म्हणाले. "मग संपलं?"

"नाही. मग पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून."

"आणि मग?"

"मग पुन्हा. हे काम संपत नाही, बाबा."

त्यांनी ओला हात बनियनला पुसला. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"खोलीवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, काम लांबलंय."

घराचं बांधकाम चालू असताना हेच वाक्य ऐकून मी एका मिस्त्रीला हाकलून दिलं होतं. आता मात्र मी धावत जाऊन फोन आणला.