गोळीच्या आधी मी

सकाळच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता. तेवढ्यात पडद्याच्या लोखंडी कड्या एकामागून एक टणटण करत ओट्यावर पडल्या. केशोरावांनी मला खिडकीवरून ओढून काढलं होतं.

"अवो, पडदा काऊन काढून राहिले सकाळी सकाळी?" अनुसयाबाईंनी चहाचं पातेलं खाली ठेवत विचारलं.

"पडदा नाई, गज पाहिजे मले."

"मंग खिडकीले काय लावू?"

"राहू दे उघडी. शेजारच्याईले पाहू दे, आपन चहात साखर किती टाकतो ते."

मित्रांनो, मी एक जुना पितळी गज आहे. गज म्हणजे रायफलीची नळी आतून पुसायची बारीक, सरळ सळई. माझ्या एका टोकाला लाकडी मूठ आहे आणि दुसऱ्या टोकाला एक चीर. त्या चिरेत फलालीनचा छोटा तुकडा अडकवतात. त्याला चिंदी म्हणतात. चिंदी लावून मला नळीत घालायचं आणि पलीकडे काढायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? पण नळीच्या आत बारीक पिळाच्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाते. त्या खाचांना ओरखडा गेला तर रायफल बिघडलीच म्हणा. पोलाद पोलादाला ओरबाडतं. म्हणून मला पितळेचं घडवलं. मी मऊ आहे. नळी झिजू नये म्हणून मी झिजतो.

केशोराव पोलिसांच्या शस्त्रागारात होते. शस्त्रं तपासायची, दुरुस्त करायची, पुसून ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला गोंदियातल्या एका लेथवर स्वतः उभं राहून करवून घेतलं. पुढची बावीस वर्षं सरावाच्या किती रायफलींतून मी गेलो, याची मोजदाद नाही. एकदा एका मोठ्या साहेबांनी माझ्यामागून नळीत डोळा लावला आणि म्हणाले, "केशोराव, यात पाहून तर दाढी करता येईल." त्या दिवशी केशोरावांनी मला दोनदा पुसलं.

मग ते निवृत्त झाले. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्यांच्या घरात मला काही काम नव्हतं. अनुसयाबाईंना खिडकीसाठी दांडी हवी होती, आणि मी अगदी मापाचा निघालो. फोडणीच्या वाफेनं मी काळवंडलो. कोणी वाईट वागलं नाही हो माझ्याशी. फक्त मी कोण आहे, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र मला चिंच आणि राखेनं घासलं. उजळलो तशी कळली खरी गोष्ट. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात नवी रायफल आली होती. सफाईचं सामान वेगळं मागवायचं असतं, ते मागवायचं राहून गेलं होतं. आणि पहिली गोळी झाडणार होती केशोरावांची सून रेणू.

रेणू कॉलेजात असताना एन.सी.सी.त नेमबाजी करायची. लग्न झालं, रुची झाली आणि पाच वर्षं रायफल सुटली. गेल्या सहा महिन्यांपासून ती क्लबातल्या जुन्या, खिळखिळ्या रायफलीवर सराव करत होती. पोळ्या लाटून, लेकीची वेणी घालून, स्कूटीवर धावत जायची. महिन्याभरानं राज्याची स्पर्धा होती. नवी रायफल तिच्या खांद्याला बसली तरच तिला जाता येणार होतं.

क्लबाच्या शेडमध्ये पेटी उघडली आणि मी पाहतच राहिलो. काय रूप होतं तिचं! खांद्याला टेकवायचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर पाण्यावर वारा जावा तशा रेषा. नळी निळसर काळी. कारखान्यानं गंज चढू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस अंगभर होतं. न्हाऊ न घातलेल्या बाळासारखी दिसत होती ती.

"पयले काय करायचं?" केशोरावांनी विचारलं.

"तोंड मातीच्या ढिगाऱ्याकडे. मग बोल्ट काढायचा," रेणू म्हणाली. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं दार. ते काढलं की नळी दोन्हीकडून मोकळी होते. "मग पाहायचं, गोळी नाही ना. डोळ्यानं पाहायचं आणि बोटानंही."

"नवी हाय, कारखान्यातून आली. तिच्यात गोळी कुठून येईन?"

रेणू हसली. "तुम्ही परीक्षा घेऊन राहिले, बाबूजी."

"मंग दे परीक्षा."

तिनं करंगळी घालून पाहिलं. मग दस्त्याला कुठे तडा आहे का, स्क्रू ढिले आहेत का, हे पाहिलं. रिकामी असतानाच चाप नीट ओढला जातो का, ते पाहिलं. मग माझी पाळी आली. ती मला मागून पुढे ढकलत होती, सावकाश, एका लयीत. घाईघाईनं पुढेमागे घासलं नाही. पहिली चिंदी तपकिरी निघाली, दुसरी पिवळट. सहावी पांढरीशुभ्र बाहेर आली. बावीस वर्षांत मी पुष्कळ हात पाहिले, मित्रांनो, पण असा हात क्वचित. झोपलेल्या लेकराचा कान पुसावा तसा.

केशोरावांनी नळीतून आभाळ पाहिलं. "आता एक ध्यानात ठेव, बाई. रायफल हातातून सुटली, मंग ती कोनाकडेही असो, मी असलो तरी, परत हातात आली का पुन्यांदा सगळं तपासायचं. पयल्यापासून."

नऊ वाजता माणसं जमली. धानाची गिरणी चालवणारे चंद्रकुमार क्लबाचे अध्यक्ष होते. "शुभ काम आहे, पहिले पूजा होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. बोल्ट लावून रायफल टेबलावर पाटाला टेकून उभी केली, तोंड वर. फोटोत छान दिसावी म्हणून. रेणूनंच ठेवली. केशोरावांना शाल देऊन पुढच्या खुर्चीत बसवलं. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो.

अनुसयाबाईंनी ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता आणल्या होत्या. सुनेच्या कौतुकानं त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी हळद लावली, ओवाळलं आणि दोन्ही हातांनी, लग्नात टाकतात तशा, उंचावरून अक्षता टाकल्या. टाळ्या वाजल्या. मला मात्र नळीच्या तोंडाशी एक लाल दाणा टेकलेला दिसला. क्षणभर तो तिथेच थांबला आणि मग दिसेनासा झाला.

आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं. नळीत काही अडकलेलं असताना गोळी झाडली तर नळी फुगते, कधी फुटतेही. आणि झाडणाऱ्याचा गाल तिच्याजवळ टेकलेला असतो. रेणूचा गाल.

चंद्रकुमारांनी रायफल उचलून तिच्या हाती दिली. "चलो भाभी, पहिला फायर!"

आता गोळी सुटणार याची खूण म्हणून लाल झेंडा वर गेला. रुचीच्या कानांवर मोठे कर्णरोधक चढवले. रेणू चटईवर पालथी झाली. गोळ्यांच्या डबीला तिनं हात लावला. मग थांबली. तिनं केशोरावांकडे पाहिलं. ते शालीत हात घालून नुसते बसले होते.

रेणू उठली. "एक मिनिट, भाऊ. गज द्या."

"वहिनी, सकाळीच तर आंघोळ झाली तिची!" क्लबातला मोनू म्हणाला, आणि सगळे हसले.

"भाभी, नाश्ता ठंडा हो रहा है," चंद्रकुमार म्हणाले.

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. "आता तर पुजा केली. माह्या पुजेवर भरोसा नाई का तुह्या?"

रेणूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्यांसमोर सासूला दुखवायचं कोणाला आवडेल? "भरोसा आहे, आई. पण रायफल हातातून सुटली होती," एवढंच म्हणून तिनं बोल्ट काढला आणि चिंदी लावून मला आत घातलं.

मी अर्ध्यावर गेलो आणि अडलो. तिला मुठीत ते कळलं. तिनं जोर केला नाही. किंचित मागे घेतलं, पुन्हा हळूच ढकललं. मला एकच दिसला होता, पण नळीच्या तोंडातून चटईवर तीन लाल दाणे पडले, एकमेकांना चिकटलेले.

मोनू त्या दाण्यांकडे वाकून पाहत राहिला.

अनुसयाबाईंनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "माह्या हातानं... बाप्पा, माह्याच हातानं!"

"तुमचं नाही चुकलं, आई. तोंड वर करून उभी मी ठेवली होती," रेणू म्हणाली.

आता केशोराव बोलले. "अक्षता नवरीवर टाकाव, अनुसया. हे नवरी नोहे." मग सुनेकडे वळून म्हणाले, "परीक्षा झाली, बाई."

तिनं पुन्हा चिंद्या फिरवल्या. नळीतून पाहिलं, केशोरावांना दाखवलं आणि या वेळी अनुसयाबाईंनाही बोलावून दाखवलं. एक डोळा घट्ट मिटून त्यांनी पाहिलं आणि पुटपुटल्या, "अगाई, चकरीसारखं दिसते." मग गोळी सुटली. नळीत थोडी ऊब आणि काजळी राहिली असेल. गोळी गेल्यावर पुसायलाही मीच जातो, म्हणून मला ठाऊक.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. सुंदर वस्तू पाहिली की तिला ओवाळावंसं वाटतं. जरूर ओवाळा. पण तिची काळजी म्हणजे ओवाळणं नव्हे. लोक हसत असले तरी पुन्हा एकदा तपासणं, ही काळजी. आणि शस्त्र कुठे दिसलं तर मोठ्यांना सांगा, हात लावू नका. ते रिकामं आहे असं कोणी म्हटलं, तरीही.

झेंडा खाली आला. मोनूनं नेम धरायचा कागद काढून आणला. छिद्र काळ्या वर्तुळात होतं, मध्यापासून जेमतेम एक रेघ बाजूला. चंद्रकुमारांनी टाळी दिली. अनुसयाबाईंनी सुनेच्या कपाळावरून बोटं मोडली. रेणू हसत होती, डोळे पुसत होती, आणि एका हातानं मला फडक्यात गुंडाळत होती.

रुचीनं कानांवरचे कर्णरोधक काढले आणि कागद आपल्याकडे घेतला. छिद्रात करंगळी घातली. पलीकडून आलेलं बोटाचं टोक तिनं थोडा वेळ हलवून पाहिलं. मग तिनं वर पाहिलं.

"मम्मी, समोर कागदच आहे, हे गोळीले कसं मालूम पडते?"

रेणूनं मला बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं, "गोळीला नाही समजत, रुची. ते झाडणाऱ्यानंच पाहायचं."