अर्ध्या टाकीतलं पाणी

कॉम्प्युटरवर लालसूचा टँकर काही केल्या पलटत नव्हता. नाहीदने वळणावरचा वेग तीसवरून पस्तीस केला, चाळीस केला. पडद्यावरची गाडी जराशी कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची.

लालसू मडावी उन्हाळाभर जंगलातल्या पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडायचा. नाल्याजवळच्या वळणावर तीसच्या वेगातच त्याच्या गाडीची एका बाजूची चाकं दोनदा उचलली होती. टाकी नाहीदच्या अब्बांनी, खुर्शीद मिस्त्रींनी बनवलेली. म्हणून तो आधी चंद्रपुरात त्यांच्या वर्कशॉपला आला, आणि मुलगी कॉलेजात गाड्यांचाच तोल शिकवते म्हणून त्यांनी त्याला तिच्याकडे पाठवलं.

"लालसूभाऊ, हिशोबाने तर तीसला काही व्हायला नको," ती म्हणाली.

लालसूने पडद्यावरच्या टाकीवर बोट ठेवलं. "बाई, याच्यात पाणी कुठी आहे?"

"हे काय. अडीच हजार लिटर, अर्धी टाकी."

"हे तं दगडासारखं बसून आहे. माह्यं पाणी बसत नाई. भरली गाडी शहाण्यासारखी जाते. अर्धी झाली का पहिले पाणी पलटते, मंग ते गाडीले ओढते."

नाहीदचे कान तापले. काम लवकर उरकावं म्हणून तिने पाण्याचं वजन एका घट्ट ठोकळ्यासारखं धरलं होतं. वर्गात मुलांनी हेच केलं असतं तर तिने वही परत केली असती.

शनिवारी ती त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून जंगलात गेली. पहिला पाणवठा भरून ते वळणावर आले. लालसूने गाडी अगदी हळू घेतली, तरी मागून धप्प आवाज आला आणि ती दारावर रेलली. उतरून तिने वळणाचा उतार मोजला. पुढचे पंधरा दिवस तिने पाणी हलतं धरून सगळं नव्याने मांडलं. आता अठ्ठावीसलाच चाकं जमीन सोडत होती. कारणही दिसलं. टाकीत आडवे पत्रे होते, पण लांबीत उभा एकही नव्हता. पाण्याला या कुशीवरून त्या कुशीवर जायला मोकळं रान होतं.

हे अब्बांना सांगणं तिला जड गेलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"ब्रेक मारला की पाणी पुढे धावू नये म्हणून आडवे घातले," ते म्हणाले. "बाजूचा विचार मी केलाच नाही."

"अशा किती टाक्या झाल्या, अब्बा?"

"चार."

त्यांनी हात धुतले आणि फोन उचलला. लालसूची टाकी त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. दोन टँकर सांगितल्यावर लगेच आले. चौथा, मूल गावचा प्रफुल मात्र यायला तयार होईना. म्हणून रविवारी बापलेक वेल्डिंग मशीन पिकअपमध्ये टाकून त्याच्याकडेच गेले.

"चाचा, तीन वर्षं झाली, काही झालं नाई. चांगली टाकी काऊन उघडता?"

"माझ्या हातची आहे, म्हणून," मिस्त्री म्हणाले. "नाहीद, दाखव त्याला."

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाणी एका बाजूला चढलं आणि गाडी त्याच्यामागून गेली. प्रफुलने ते तीनदा पाहिलं. मग त्याने टँकर कडुनिंबाच्या सावलीत आणून लावला. मिस्त्री झाकणातून आत उतरले. दुपार कलेपर्यंत उभा पत्रा बसला.

परतताना मिस्त्रींनी विचारलं, "लालसूची गाडी आता किती वेगाला टिकते?"

"त्या वळणावर अडतीसपर्यंत."

"लालसूला पंचवीसच सांग," ते म्हणाले.