कडक चहा

माझा पाय काही थांबेना. आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून मी तो सारखा हलवत होते.

"आई, बाक मोडेल हो," माझी सून निल्दा हसत म्हणाली. तिचा सातवा महिना सरत आला होता.

तिला हसायला काय जातंय! मागच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं, की माझ्या मुलाने, विल्बरने, तिला घोंगडीत घालून पुनो शहराच्या रस्त्यापर्यंत पळत नेलं होतं. अंगात रक्त नसताना पुन्हा असं झालं तर वाचायची नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

येनी नर्सने बोट टोचलं. यंत्रावर हिमोग्लोबिन बारा-आठ आलं. आमच्या गावासारख्या उंच डोंगरावर त्यातून तीन वजा करायचे असतात, हे मला आता पाठ झालंय. म्हणजे नऊ-आठ; हवं निदान अकरा. दोन महिन्यांपूर्वीही एवढंच होतं.

माझं डोकंच फिरलं. अंडी, मांसासाठी पाळलेले गिनीपिग आम्ही रविवारच्या बाजारात विकतो, घरात बटाटा आणि शेवया. मांसाचा तुकडा असलाच तर तो विल्बरच्या ताटात. तसं वाढणारी मीच, कबूल. पण लोहाची गोळी तर मी रोज समोर उभी राहून गिळायला लावत होते!

"थुंकलीस ना गं? खरं सांग!"

"नाही आई. तोंड उघडून दाखवत होते की तुम्हाला."

"गोळी कशाबरोबर घेते ती?" येनीने विचारलं.

"चहाबरोबर," मी ऐटीत म्हणाले. "चांगला काळा, कडक. पोटात मळमळू नये म्हणून. रोज मीच करून देते."

येनीने पेन खाली ठेवलं. "मावशी, चहा लोह अंगाला लागूच देत नाही. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर द्या. आणि चहा दोन तासांनी."

साठ गोळ्या, साठ कप. सगळे माझ्या हातचे. मला तिथे बसवेना. मी तरातरा बाहेर पडले, निल्दा पोट सावरत मागून आली. दोन महिने उरले होते. दोन महिन्यांत किती भरून निघणार?

"तू तरी नको म्हणायचंस," मी तिच्यावरच खेकसले. दुसरं काय करणार!

ती चालत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला चहा आवडतच नाही, आई. तुम्ही रागवाल म्हणून प्यायचे."