तेराव्याची पंगत

"तिसऱ्या पानावरचे काका, थांबलात का? चावत राहा ना," मॉनिटरमागून आवाज आला.

अंबादासने मान हलवली. तोंडात जिलबीचा अर्धा तुकडा होता आणि जबडा संपावर गेला होता. गोरेगावच्या स्टुडिओत तेराव्याच्या जेवणाचा सीन चालला होता, आणि हा पाचवा टेक होता.

सव्वीस वर्षं तो मालिकांच्या पंगतींत जेवत आला होता. बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, को-ऑर्डिनेटर सिद्धेश पहिला फोन त्यालाच करायचा. बाकीचे ज्युनियर आर्टिस्ट घास गालात धरून ठेवत आणि कट म्हटलं की बादलीत थुंकत. अंबादासला ते कधी जमलं नाही. त्याच्या आईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, आणि तिच्या पोराने अन्न थुंकायचं? पठ्ठ्या प्रत्येक टेकचा घास चावून गिळायचा, म्हणून तर त्याचं जेवणं पडद्यावर खरं दिसायचं.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंत साठलेली साखर तुमच्या शरीराला फोडताच येत नाही, त्यामुळे स्नायू आतून झिजतात. आधी मांड्या गेल्या, जिने नकोसे झाले. मग जीभ जड झाली, चार घासांत जबडा भरून यायला लागला. घाटकोपरला घरी बायको, जयंती, सगळं कालवून मऊ करून वाढायची.

"किती दिवस लपवणार हो तुम्ही?"

"लपतंय तोवर."

सिद्धेशला आजार कळला तर यादीतून नाव जाणारच, आणि दुसरं काही काम अंबादासला येत नव्हतं. या भीतीने त्याची झोप उडाली होती.

सहाव्या टेकला घास गालात रुतून बसला, जिभेने तो हलेना. शेजारच्याने बादली सरकवली. अंबादासने ती मागे ढकलली आणि पाण्याच्या घोटाबरोबर तुकडा तसाच घशात लोटला.

तो अडकला. डोळे पांढरे झाले. दोघांनी पाठीत जोरात थापट्या मारल्या तेव्हा कुठे तुकडा पानावर पडला. सगळी पंगत उठली.

सिद्धेशने त्याला बाजूला नेलं. "वाट लागली असती ना काका माझी. कधीपासून आहे हे?"

"वर्ष झालं."

"आणि मला आज कळतंय?" तो चिडला होता, पण माणूस वाईट नव्हता. आत जाऊन दिग्दर्शकाशी बोलून आला. "खायचं काम आता बंद तुमचं. एक आहे, बघा. पुढच्या शॉटला भिंतीवर फोटो लागणार. म्हणजे, ज्याचं तेरावं आहे त्याचा. ज्याचा लावणार होते त्याची बायको ऐनवेळी नाही म्हणाली, अपशकुन म्हणे. रागावू नका, मी फक्त विचारतोय."

"आम्ही शकुन-बिकुन मानत नाही," अंबादास म्हणाला. "चावायचं नाही ना त्यात?"

"नाही."

"मग काढा."

फोटोवाल्याने त्याला पांढऱ्या पडद्यापुढे बसवलं. "थोडं हसा काका." ओठ अर्ध्यातच थांबले. "चालेल, असंच शांत वाटतंय."

तासाभरात फ्रेम भिंतीवर चढली, तिला झेंडूचा हार पडला. खाली पंगत पुन्हा बसली. त्याच्या पानावर कुणी नवा माणूस होता. कट झालं की तो बिनदिक्कत बादलीत थुंकत होता. अंबादास कॅमेऱ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत राहिला. त्याला त्या माणसाचा राग आला नाही, हेवा वाटला.

फोन वाजला. पंगतीचं काम असलं की जयंती जागा आधीच विचारून ठेवायची, म्हणजे टीव्हीवर तो पटकन सापडायचा.

"कुठे बसवलंय आज? मागेच ना?"

"नाही गं. अगदी समोर आहे."

"खरंच? किती वेळ दिसणार?"

"बराच वेळ," तो म्हणाला. "पण हा एपिसोड तू बघू नकोस."