ओला सिंह

चष्मेवाल्याने पोस्टमास्तरांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, उजव्या डोळ्यावर काळी चकती टाकली आणि डाव्या खाचेत एक भिंग सरकवलं.

"वाचा. आणि मी कुठवर आलो होतो?"

"बाटल्यांपर्यंत," पोस्टमास्तर म्हणाले. "तुम्ही मोठा ड्रम हाणलात, आणि समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या..."

"चालायला लागल्या! फळीवरून, एकामागून एक, रांगेत. खोकल्याचं औषध सगळ्यांत पुढे."

"खालची ओळ दिसत नाही हो."

"दिसेल. दम धरा."

थापा मारणाऱ्याला चष्म्याच्या दुकानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. समोरच्याचे डोळे आपल्या हातात असतात, आणि त्याला आपला चेहरा धुरकटच दिसतो. छत्तीस वर्षांत चष्मेवाल्याने आपला तरुणपणीचा ड्रमसेट अख्ख्या गल्लीला असाच दाखवला होता. सुरुवातीला तो नुसता लाल होता. मग त्यात सोनेरी चमक आली. एका वर्षी मोठ्या ड्रमच्या तोंडावर सिंह उगवला, आणि पुढच्या वर्षी त्या सिंहाने जबडा उघडला. शेवट मात्र ठरलेला.

"आणि असा ड्रम, पोस्टमास्तर, मी विकून टाकला. लग्न झालं. हिच्या हातात शिवणकाम होतं, पण मशीन नव्हती. म्हटलं, गेला सिंह तर गेला."

पोस्टमास्तरांनी सुस्कारा सोडला. पडद्यामागच्या खोलीत शिलाई मशीन चालू होती. गोष्ट इथवर आली की मशीन नेहमी थांबायची. आजही थांबली. चष्मेवाल्याने पुसलेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

मशीन ड्रमच्या पैशांतून आली होती, हे खरंच होतं. फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढं त्याने उलटं सांगितलं होतं. ड्रम विकला तेव्हा लग्न ठरलंसुद्धा नव्हतं. ऑर्केस्ट्रातल्या तिघांनी त्याला काढून टाकलं होतं, कारण तो पळायचा. गाण्याचं दुसरं कडवं येईपर्यंत तो इतका पुढे निघून जायचा की गाणारीला धाप लागायची. त्याच आठवड्यात, रागाच्या भरात, त्याने आपला ड्रमसेट पहिल्या भेटलेल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. रंग मातकट निळा, एका बाजूला चिकटपट्टी, सिंहबिंह काही नाही. पैसे वर्षभर डब्यात पडून राहिले. मग लग्न झालं, मशीन आली, आणि तो नव्या बायकोला म्हणाला, "ड्रम विकून आणली." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हाच खुलासा करता आला असता. पण नवी बायको आपल्याकडे तशी बघत असताना कुठला नवरा खुलासे करत बसतो?

त्या दिवसापासून ती मशीन जपत आली. बाकीच्या शिवणाऱ्या बायकांनी केव्हाच मोटर बसवून घेतल्या. हिने नाही. "ह्यांचा ड्रम गेलाय हिच्यापायी," ती म्हणायची, "आणि मी आयती बसून बटण दाबू?" डावा गुडघा सुजून दुप्पट झाला, तरी पेडल पायानेच. मोटरचा विषय निघाला की चष्मेवाल्याला दुकानात काहीतरी काम आठवायचं.

पोस्टमास्तर नंबर घेऊन गेले. दुपारचं जेवायला म्हणून त्याने शटर अर्धं ओढलं.

"अहो, जरा आत या," पडद्यामागून हाक आली. "डोळे मिटून."

आत त्याला आधी दिसला तो लंब्या. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला, काढून टाकणाऱ्या तिघांपैकी एक. आता केस पांढरे, पण डोकं अजून पंख्याला लागेल असंच. जुनी वाद्यं दुरुस्त करतो, एवढं चष्मेवाल्याच्या कानावर होतं.

"सकाळी तुम्ही काचा घासून आणायला गेलात ना, तेव्हा मागच्या दाराने आणलं," बायको म्हणाली, आणि तिने कोपऱ्यातली चादर ओढली.

लाल ड्रमसेट. लालात सोनेरी चमक. झांजा घासूनपुसून लखलखीत. आणि मोठ्या ड्रमच्या तोंडावर जबडा उघडलेला पिवळाधमक सिंह.

"तुमचाच काही मिळाला नाही," ती म्हणाली. "पण त्याच काळातला आहे. लंब्या भावजींनी किती ठिकाणी शोधला. सगळं तुम्ही सांगता तसंच आहे ना?"

लंब्या छताकडे बघू लागला.

चष्मेवाल्याने हात पुढे केला आणि सिंहाच्या आयाळीला लावला.

"तसाच," तो म्हणाला. "अगदी तस्साच."

"वाजव मग," लंब्या म्हणाला. "वहिनी, मी निघतो. ह्याच्यामागे पळायचं वय नाही राहिलं माझं." आणि दारातून वाकून तो गेलासुद्धा.

चष्मेवाला स्टुलावर बसला. बायकोने मशीनपुढची खुर्ची त्याच्याकडे वळवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि कौतुक करायला सज्ज झाल्यासारखी बसली. त्याने काठ्या उचलल्या. पहिले दहा-बारा ठोके बरे गेले. मग हात सुटले. उतारावर हातगाडी सुटावी तसे. पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर कुठेतरी मागे राहिला, झांज मध्येच ओरडली, एक काठी उडून कापडाच्या गठ्ठ्यात पडली.

उरलेली काठी हातात तशीच धरून तो थांबला.

"तुझ्यासाठी नव्हता विकला," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. निळा रंग, चिकटपट्टी, डब्यात पडून राहिलेले पैसे. एकही बाटली चालली नव्हती, हेही सांगितलं. छत्तीस वर्षं तोंडावर असलेली गोष्ट मोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सांगताना तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होता.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. ती त्याच्या जागेवर बसली, साडी सावरली आणि चप्पल काढून उजवा पाय पेडलवर ठेवला. एकदा दाबून अंदाज घेतला. मग पाय चालू लागला. धप्. धप्. धप्. मैलोन्‌मैल शिवण घातलेला पाय तो. ना पुढे, ना मागे.

"ड्रम शोधायला सांगायला गेले, त्या पहिल्याच दिवशी लंब्या भावजींनी सांगितलं मला," ती म्हणाली. पाय चालूच होता. "हसत हसत बोलून गेले बिचारे. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल. तीन महिने झाले."

चष्मेवाल्याने कपाळावरचा घाम पुसला, आणि मग त्याला आपलं बोट दिसलं. बोटाला पिवळा रंग लागला होता.

"आणि हा सिंह?"

"काल काढून घेतला. त्या पाट्या रंगवणाऱ्याकडून. जबडा नीट उघडेना, दोनदा पुसायला लावला मी."

"सगळं कळल्यावर?"

"छत्तीस वर्षं नुसता ऐकलाय," ती म्हणाली. "एकदा बघायचा होता."

धप्. धप्. धप्.

"गुडघा मात्र माझा खरा होता हो."

त्याने तिची काढलेली चप्पल सरळ करून ठेवली.

"उद्या मशीनला मोटर बसवून आणा," ती म्हणाली. "पाय आता मला इथे लागणार आहे."

"उद्या कशाला? आत्ता जातो."

"आत्ता नाही. पळू नका. ती काठी घ्या आधी."

त्याने कापडाच्या गठ्ठ्यातली काठी शोधून काढली आणि बाजूच्या छोट्या ड्रमपाशी उभा राहिला. तिच्या पायाकडे बघत त्याने सुरुवात केली. चौथ्या ठोक्यापर्यंत बरोबर होता. पाचव्याला हात पुढे गेलेच.

मागून मोठ्या ड्रमचा आवाज आपल्या चालीने येत होता. त्याने काठ्या वर धरल्या, आणि तो आवाज आपल्याला गाठेपर्यंत थांबला.